आरसी ट्रक टिकटिकतोय? उघडण्याआधी चाकाची फेरी मोजा

मे महिन्यात भाचा मुंबईहून रत्नागिरीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत १:१६ मापाचा, चारही चाकं ओढणारा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा, ट्रक होता. दोन दिवस भाट्याच्या किनाऱ्यावर त्याने तो मनसोक्त पळवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात चालवताना आवाज सुरू झाला. टिक... टिक... टिक. एकसारखा, घड्याळासारखा.

"मामा, गिअरचा दात तुटला बहुतेक," तो म्हणाला.

मलाही तेच वाटलं. जेवणं झाल्यावर आम्ही पडवीत बसलो आणि गिअरबॉक्स उघडला. सगळे दाते शाबूत होते. बंद करून चालवला, आवाज तसाच. मग मागचा ॲक्सल उघडला, तिथेही काही नव्हतं. शेवटी पुढचं डावं चाक काढलं, तेव्हा हबच्या मागे तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, गुंडाळलेला दिसला, कोळ्यांच्या जाळ्यातून सुटून वाळूत पडलेला. त्याच्या गाठीचं टोक दर फेरीला स्टिअरिंगच्या दांडीला लागत होतं. दोन मिनिटांत कात्रीने कापून काढला आणि ट्रक गप्प झाला.

आवाज चाकाच्या एका फेरीला एकदाच येत होता. गिअरबॉक्समधल्या बहुतेक दातेरी चकत्या चाकाच्या एका फेरीत कितीतरी वेळा फिरतात. नुसतं मोजलं असतं तरी गिअरबॉक्स उघडायची गरज नाही हे आधीच कळलं असतं. नव्याने या छंदात आलेल्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगतो. आवाज ऐकून घाबरू नका आणि लगेच स्क्रू ड्रायव्हरही उचलू नका. आधी मोजा.

ताकद कुठून कुठे जाते

ट्रक उलटा करून नीट पाहा. मोटरच्या दांड्यावर छोटा दातेरी तुकडा असतो, तो पिनियन. तो मोठ्या चकतीला फिरवतो, ती स्पर गिअर. तिथून गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्समधून पुढे-मागे जाणारे दोन लांब शाफ्ट. या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वाकड्या कोनातही फिरू देणारे जोड, असतात, जीपच्या प्रॉपेलर शाफ्टला असतात तसेच. प्रत्येक ॲक्सलमध्ये आणखी एक पिनियन आणि त्याला काटकोनात बसणारा मोठा क्राउन. क्राउनमधून आडव्या दांड्या चाकांपर्यंत जातात. पुढच्या चाकांना वळायचं असतं, म्हणून तिथल्या दांड्यांत आणखी एकेक जोड.

महत्त्वाचं हे की या साखळीतला प्रत्येक टप्पा वेगळ्या वेगाने फिरतो. मोटर सगळ्यात जास्त, चाक सगळ्यात कमी. दात तुटलेला असो, खडा अडकलेला असो की दांडा वाकलेला असो, तो भाग जितक्या वेळा फिरतो तितक्या वेळा आवाज येतो.

हाताशी काय असावं

फार काही लागत नाही. ट्रकच्या स्क्रूंना बसतील अशा चांगल्या ॲलन की किंवा स्क्रू ड्रायव्हर, बहुतेक वेळा १.५ आणि २ मिलिमीटरच्या. स्वस्त ॲलन की स्क्रूचं डोकं गोल करून टाकते आणि मग साधं काम अवघड होतं, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको. जुना टूथब्रश, चिमटा, छोटी कात्री, सुई. स्क्रू ठेवायला पाच-सहा कप्प्यांचा मसाल्याचा डबा. टायरवर खूण करायला खडू किंवा पांढरं नेलपॉलिश. आणि ट्रक उचलून ठेवायला उपडी करवंटी किंवा स्टीलचा पेला, म्हणजे चारही चाकं अधांतरी राहतील आणि मोकळी फिरतील.

आवाज खरंच ड्राइव्हट्रेनचा आहे का?

ड्राइव्हट्रेन म्हणजे मोटरपासून चाकांपर्यंतची ही साखळी. आवाज तिचाच आहे का हे पाच मिनिटांत कळतं, आणि बराच त्रास वाचतो.

ट्रक करवंटीवर ठेवा, चालू करा, थ्रॉटलला, म्हणजे रिमोटवरच्या वेगाच्या खटक्याला, हात लावू नका. तरीही घुरघुर किंवा बारीक किरकिर येत असेल तर तो स्टिअरिंगचा सर्वो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर. सर्वो आपली जागा धरून ठेवायला धडपडतो तेव्हा असा आवाज करतो. रिमोटवरचं ट्रिमचं बटण एक-दोन घरं हलवलं की बहुतेक वेळा थांबतो.

आता थ्रॉटल अगदी हलकेच द्या. चाकं फिरायच्या आधी 'ईंऽऽ' असा बारीक सूर आला, आणि चाकं फिरू लागल्यावर तो विरला, तर तो स्पीड कंट्रोलरचा. कंट्रोलर मोटरला वीज तुकड्या-तुकड्यांनी देतो आणि त्या ठोक्यांवर मोटर गुणगुणते. त्यात बिघाड काही नाही.

वळताना सिमेंटच्या अंगणात टायर 'चीक चीक' करत असतील, ट्रक जरासा उड्या मारत असेल, तरी काळजी करू नका. डोंगर चढण्यासाठी बनवलेल्या अनेक छोट्या ट्रकांत डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा ॲक्सलमधला भाग) लॉक केलेलं असतं, म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते शक्य होत नाही, म्हणून टायर घासतो. हाच ट्रक वाळूत किंवा मातीत वळवून पाहा, आवाज येणार नाही.

तुमच्या ट्रकचं डिफरन्शियल लॉक आहे की मोकळं, हे आत्ताच पाहून घ्या, पुढे लागेल. ट्रक अधांतरी ठेवून एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक त्याच दिशेने फिरलं तर लॉक. उलट दिशेने फिरलं तर मोकळं.

आता मोजायचं

बॅटरी काढा. हे सांगायला विसरतात म्हणून ठळकपणे सांगतो: हाताने काहीही फिरवण्याआधी बॅटरीची पिन सुटलेलीच हवी. रिमोटचं बटण चुकून दाबलं गेलं आणि बोट दात्यांमध्ये असलं तर इवलीशी मोटरही कातडी सोलून काढते.

टायरच्या कडेला खडूची एक रेघ मारा. दुसरी रेघ त्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टवर. आता दोन्ही हातांनी दोन्ही चाकं एकत्र, सावकाश, एक पूर्ण फेरी फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरतो ते पाहा. दोन्ही चाकं धरायची कारण मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एक चाक थांबवून दुसरंच फिरवलं तर शाफ्ट निम्म्याच फेऱ्या घेतो आणि हिशेब चुकतो. चाक हाताला खूपच जड लागलं तर जबरदस्ती करू नका. काही गिअरबॉक्समध्ये वेग इतका कमी केलेला असतो की चाकाकडून मोटर फिरवणं कठीण जातं. अशा वेळी गिअरबॉक्सकडचं शाफ्टचं टोक सोडवा आणि मग फिरवा.

समजा क्राउनला २७ दाते आहेत आणि पिनियनला ९. म्हणजे चाकाच्या एका फेरीत शाफ्टच्या ३ फेऱ्या. हा आकडा कागदावर लिहून ठेवा.

आता बॅटरी लावा, ट्रक करवंटीवर, थ्रॉटल जेमतेम, चाक इतकं सावकाश की खडूची रेघ डोळ्यांना दिसत राहील. रेघ वर आली की मोजायला सुरुवात करा, पुन्हा वर येईपर्यंत किती 'टिक' आले?

एक आला तर दोष चाक, हब, आडवी दांडी किंवा क्राउन यांपैकी कुठेतरी. गिअरबॉक्सला हात लावू नका. तीन आले, म्हणजे वर लिहून ठेवलेला आकडा आला, तर शाफ्ट किंवा ॲक्सलमधला छोटा पिनियन. सहा, म्हणजे त्याच्या दुप्पट आले तर क्रॉसकडे पाहा, कारण वाकड्या कोनात फिरणारा क्रॉस एका फेरीत दोनदा अडखळतो. मोजता येणार नाही इतके आले, सलग 'कर्रर' ऐकू येतं, तर मोटरचं पिनियन, स्पर किंवा गिअरबॉक्सच्या सुरुवातीच्या चकत्या.

कान फसवत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या, रेघ आणि आवाज एकत्र येतील असा, आणि दोन-तीनदा पाहा. मुलांचे कान मोठ्यांपेक्षा तिखट असतात, त्यांना मोजू द्या.

एकेक भाग बाजूला काढा

मोजणीने गल्ली कळते, घर शोधायला ही पायरी.

सगळ्यात आधी गिअरबॉक्सचे दोन्ही शाफ्ट सुटे करा. बहुतेक छोट्या ट्रकांत एकेक पिन किंवा छोटा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) काढला की शाफ्ट निघतो. आता ट्रक चालवा. चाकं फिरणार नाहीत, फक्त मोटर आणि गिअरबॉक्स. आवाज अजून येतोय? तर दोष इथेच. आवाज गेला? तर ॲक्सल, शाफ्ट किंवा चाकं. मग फक्त पुढचा शाफ्ट लावून पाहा, नंतर फक्त मागचा. थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेऊ नका. ओझं नसलेली मोटर भलत्या वेगाने पळते आणि दुरुस्ती बघता बघता नवा बिघाड होतो.

दोष गिअरबॉक्सच्या बाजूला निघाला तर मोटर सोडवून बाहेर काढा आणि एकटी चालवा. मोटर हाताने फिरवताना 'गचक-गचक' असं टप्प्याटप्प्याने अडकल्यासारखं वाटेल. तो आतल्या चुंबकांचा ओढा आहे, बिघाड नाही. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या मोटरी फेकून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. पण मोटरमधून घासल्याचा, खरखरीचा आवाज आला तर आधी तिला धरून ठेवणारे स्क्रू पाहा. कुणीतरी हरवलेल्या स्क्रूच्या जागी लांब स्क्रू लावला असेल तर तो मोटरच्या आत शिरतो आणि फिरणाऱ्या भागाला घासतो. स्क्रू दोन आटे सैल करून पाहा, लगेच कळेल.

आवाजाची नेमकी जागा ऐकण्यासाठी गॅरेजवाले लांब स्क्रू ड्रायव्हर वापरतात. टोक न फिरणाऱ्या खोक्यावर टेकवायचं आणि मूठ कानासमोरच्या हाडाला लावायची. इथेही ते चालतं. आमच्याकडे परसात पपई असतेच, तर मी पपईच्या पानाचा देठ वापरतो. तो आतून पोकळ असतो, ज्याची लहानपणी आपण पिपाणी करायचो. कापून, चीक धुऊन, एक दिवस वाळवून ठेवा. एक टोक कानाशी आणि दुसरं ट्रकच्या भागांजवळून, कुठेही न टेकवता, फिरवा. दोन बोटांच्या अंतरावरचे दोन आवाज वेगळे ऐकू येतात.

कोणता आवाज काय सांगतो

मोजणी आणि ठिकाण कळल्यावर आवाजाची जात उपयोगी पडते. त्याआधी नाही, कारण 'कर्रर' आणि 'खर्रर' यांतला फरक प्रत्येकाच्या कानाला वेगळा.

*एकसुरी 'कुईंऽऽ', वेगाबरोबर चढत जाणारं.* सरळ दात्यांच्या चकत्या थोड्या गातातच. पण आधी नव्हतं आणि आता आहे, शिवाय मोटर पाच मिनिटांत चटका बसेल इतकी तापते, तर पिनियन आणि स्पर एकमेकांवर फार दाबून बसले आहेत. उलट, दोघं फार लांब असतील तर 'खडखड' येते, आणि तसंच चालवत राहिलात तर दात्यांची टोकं झिजून जातात.

दोघांमधलं अंतर बसवायला वहीचा कागद पुरतो. मोटरचे स्क्रू सैल करा, कागदाची बोटभर रुंद पट्टी दोन्ही चकत्यांच्या मध्ये घाला, मोटर स्परकडे दाबून धरा आणि स्क्रू आवळा. मग स्पर फिरवून कागद बाहेर काढा. साध्या कागदाची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते, तेवढीच मोकळीक हवी. स्पर एका हाताने धरून पिनियन हलवून पाहिलं तर अगदी किंचित 'टक' जाणवला पाहिजे. एकाच ठिकाणी पाहून थांबू नका. प्लास्टिकची चकती अगदी गोल क्वचितच असते, म्हणून स्पर पाव-पाव फेरी फिरवून चार ठिकाणी तपासा, आणि जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथलं अंतर धरून बसवा. काही लहान ट्रकांत मोटरची भोकं ठरलेली असतात आणि अंतर बदलताच येत नाही. तिथे घट्टपणा आला असेल तर दात्यांत कचरा आहे किंवा मोटर वाकडी आवळली गेली आहे.

*थ्रॉटल देताच 'टर्रर', मोटर पळते पण ट्रक पुढे सरकत नाही.* मोटरच्या दांड्यावर पिनियन घसरतंय. धातूचं पिनियन असेल तर त्यात एक इवलासा ग्रब स्क्रू असतो. दांड्याची एक बाजू सपाट केलेली असेल तर तो स्क्रू नेमका त्या सपाटीवर टेकला पाहिजे. गोल बाजूवर कितीही आवळला तरी सुटणारच. प्लास्टिकचं पिनियन दांड्यावर नुसतं दाबून बसवलेलं असतं. त्याला तडा गेला तर ते आतून गोल गोल फिरतं. नखाने दात्यांच्या मुळाशी तपासा, तडा केसाएवढाच असतो. गोंद लावून टिकत नाही, बदलावं लागतं.

*सपाटीवर गप्प, चढावर 'कट-कट'.* हा आवाज हाताने फिरवून कधीच सापडत नाही, कारण तो ओझ्याखालीच येतो. ट्रक पाखाडीच्या पायरीला पुढची चाकं टेकवून उभा करा आणि हळूच थ्रॉटल द्या. ॲक्सलमध्ये क्राउन आणि पिनियन एकमेकांना ढकलतात. क्राउनला बाजूला सरकायला जागा असेल तर ओझं आलं की तो सरकतो आणि दात एकमेकांवरून उडी मारतात. ॲक्सलचं खोकं उघडा, क्राउन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहा. जितका खेळ दिसेल तितक्या जाडीचा पातळ वॉशर, ज्याला शिम म्हणतात, क्राउनच्या दात्यांविरुद्धच्या बाजूला घाला. शिम साधारण ०.१ आणि ०.२ मिलिमीटरचे मिळतात. एकेक करून वाढवा, दर वेळी खोकं बंद करून हाताने फिरवा. फिरणं जड झालं की एक शिम काढा. नवख्यांना हे काम किचकट वाटतं, पण ट्रकचं आयुष्य वाढवणारं याहून चांगलं काम नाही. घाई नसलेल्या दुपारी करा.

*पूर्ण वळणावरच 'टक-टक-टक'.* पुढच्या दांड्यांचे जोड आपल्या कोनाच्या मर्यादेला लागलेत. चाक अर्धं वळवून आवाज थांबला तर नक्की तेच. रिमोटवर स्टिअरिंगचा डी-आर लिहिलेला, चाकं किती वळावीत ते ठरवणारा छोटा गोल बटन-स्क्रू असेल तर तो थोडा कमी करा. जोड कोरडा आणि गंजलेला असेल तर तेलाचा एक थेंब.

*ठराविक वेगाला अख्खा ट्रक थरथरतो.* लांब शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा. धुण्यासाठी काढून परत लावताना तो एक घर चुकून फिरला तर दोन्ही टोकांच्या कैच्या, म्हणजे क्रॉस धरणारे दुहेरी कान, एका रेषेत राहत नाहीत. एक क्रॉस शाफ्टला जो झटका देतो तो दुसऱ्या क्रॉसने पुसून काढायचा असतो. कैच्या चुकल्या की पुसला जाण्याऐवजी वाढतो. शाफ्ट काढा, दोन्ही टोकांच्या कैच्या समांतर करून बसवा. सुटा भाग बदलावा लागत नाही, पैसाही नाही.

*कोरडी 'चीं-चीं'.* बुश. स्वस्त ट्रकांत बेअरिंगऐवजी पितळी किंवा प्लास्टिकचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या साध्या कड्या, असतात आणि त्यांना तेल हवंच असतं.

आपल्या किनाऱ्याची खास दुखणी

आरसी ट्रकांची माहितीपुस्तकं कोरड्या पार्किंगसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे वाळू, मीठ, जांभ्याची धूळ आणि चार महिने पाऊस. म्हणून आवाज आला की माझा पहिला संशय तुटलेल्या दात्यावर नसतो, बाहेरून आत आलेल्या कशावर तरी असतो.

तंगुसाचं सांगितलंच. सुरूच्या बनाखाली चालवाल तर सुरूच्या काड्या क्रॉसमध्ये गुंततात, आणि नारळाच्या बागेत सोडणाचा काथ्या. चाकं काढून हबच्या मागे, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांना, सुईने टोकरून पाहा. तंगूस पारदर्शक असतो, नुसत्या डोळ्यांना फसवतो. ट्रक उजेडात तिरका धरला की चमकतो. ओढू नका. ओढला की तो बेअरिंगच्या रबरी झाकणाखाली शिरून ते उचकटतो. कापून तुकडे करून काढा.

रत्नागिरीत मांडवीची वाळू काळी आणि पांढऱ्या समुद्राची फिकी, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ट्रकवाल्यांसाठी त्यात मोठा फरक आहे. काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजं असतात, आणि ती चुंबकाला ओढली जातात. ब्रश मोटरच्या डब्यात चुंबकच असतात. मांडवीहून परत आल्यावर मोटर काढून पाहा, तिच्या अंगावर आणि मागच्या भोकांशी काळी बुरशी लागल्यासारखे कण चिकटलेले दिसतील. तिथून ते पिनियनवर आणि मोटरच्या आतही जातात, आणि मग 'खर्रर' असा आवाज येतो जो चकत्या कितीही पुसल्या तरी जात नाही. फुंकर मारू नका, कण आत जातात. चिकटपट्टी दाबून उचला, पुन्हा नवा तुकडा घेऊन उचला, असं पाच-सहा वेळा. काळ्या वाळूत चालवायचंच असेल तर आधी मोटरची भोकं पातळ कापडाने झाका, आणि मोटर जास्त तापत नाही ना याकडे लक्ष ठेवा.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आणि चिरेखाणीत ट्रक चालवणं हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आहे. जांभ्याच्या पायऱ्या या ट्रकांसाठीच कापल्यात असं वाटतं. पण तिथली लाल धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते. खाणीत जाऊन आल्यावर गिअरबॉक्सच्या सांध्याभोवती लाल रेघ दिसली, तर धूळ आत गेलेली आहे. तेव्हाच उघडून ग्रीस बदला, आवाज येईपर्यंत थांबू नका.

आणि मीठ. खाऱ्या पाण्यात ट्रक घालूच नका, खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी. ते इलेक्ट्रॉनिक्सपुरतं असतं, बेअरिंग आणि पोलादी दांड्यांना लागू नसतं. नुसत्या ओल्या वाळूत चालवला तरी घरी आल्यावर बॅटरी काढा, चाकं आणि ॲक्सल गोड्या पाण्याने, तांब्याची बारीक धार सोडून धुवा, झटका, सावलीत पंख्याखाली रात्रभर ठेवा. उन्हात नको, प्लास्टिक वाकडं होतं. सकाळी उघड्या धातूवर तेलाचा हात फिरवा. हे एकदा चुकलं तर आठ दिवसांत बेअरिंग 'खरखर' बोलू लागतं.

बेअरिंगची परीक्षा सोपी आहे. ते सुटं काढून आतली कडी घट्ट बसेल अशा काडीवर अडकवा आणि बाहेरची फिरवा. गुळगुळीत फिरलं पाहिजे. कण लागल्यासारखं वाटलं तर सुईने रबरी झाकण हळूच उचला, रॉकेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास बुडवा, हलवा, वाळवा, एक थेंब तेल, झाकण परत. तरीही खरखरत असेल तर आतल्या गोळ्यांवर गंजाचे खड्डे पडलेत. ते बेअरिंग बदला. नवीन घेताना तीन मापं सांगायची: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुनं सोबत न्या.

खोबरेल तेलाबद्दल

आपल्याकडे बिजागरी करकरली की खोबरेल. ट्रकला ते लावू नका. थंडीच्या पहाटे, २४-२५ अंशांच्या खाली, ते थिजतं, जुनं झालं की खवट होतं आणि सतत धूळ धरून ठेवतं. गंज सोडवणारे स्प्रेही वंगण म्हणून टिकत नाहीत, उलट आतलं चांगलं ग्रीस धुऊन टाकतात. बुश आणि बेअरिंगना शिलाई मशीनचं तेल उत्तम, एकच थेंब, सुईच्या टोकाने. मोटरच्या दोन्ही टोकांच्या बुशनाही तेच, पण ब्रश टेकतात त्या तांब्याच्या भागावर जाता कामा नये.

प्लास्टिकच्या चकत्यांना सिलिकॉन ग्रीस. किती? दात्यांवर बोटाने पुसल्यासारखं, पांढुरकं दिसेल इतकं. खोकं भरून टाकलं तर मोटरला ते ढवळतच बसावं लागतं. आणि उघड्या चकत्यांना, ज्यांवर झाकण नाही अशा पिनियन-स्परला, किनाऱ्यावर चालवणार असाल तर ग्रीस लावूच नका. तिथे कोरडं बरं, कारण ग्रीस लावलेली उघडी चकती म्हणजे वाळूला आमंत्रण. साफसफाईला पेट्रोल आणि थिनर टाळा. काही प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात, जे त्या दिवशी दिसत नाहीत.

परत जोडताना

प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू सरळ आवळायला सुरुवात केली की तो जुन्या आट्यांना छेद देऊन नवे पाडतो, आणि तीन-चार वेळा उघडझाप झाली की आटे जातात. आधी स्क्रू हलक्या हाताने उलटा फिरवा. एका जागी तो 'टुक' करून खाली बसल्यासारखा वाटतो, तिथे जुना आटा सापडला. तिथून सरळ फिरवा. डोकं टेकलं की पाव फेरी, बस्स.

धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना, म्हणजे पिनियनचा ग्रब स्क्रू आणि शाफ्टचे छोटे स्क्रू, निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावा. लाल नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. आधी स्क्रूवरचं तेल पुसून टाका, नाहीतर चिकटत नाही. आणि ते प्लास्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

दात तुटला असेल तर एकच चकती बदलून भागत नाही. नवीन दाते झिजलेल्या जुन्या दात्यांशी नीट बसत नाहीत आणि थोड्या दिवसांत नवीही खराब होते. एकमेकांना लागणाऱ्या दोन्ही एकदम बदला. खोकं बंद करण्याआधी तुटलेल्या दाताचा तुकडा सापडलाच पाहिजे. सापडला नाही तर तो ग्रीसमध्ये आहे, सगळं ग्रीस पुसून काढा.

जोडून झाल्यावर ट्रक करवंटीवर दोन मिनिटं हळू, मग अंगणात पाच मिनिटं. थांबवून मोटरला बोट लावा. बोट ठेवता येत नसेल इतकी तापली असेल तर पिनियनचं अंतर पुन्हा तपासा. सगळं ठीक असेल तर तेव्हाच मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, त्याच अंगणात, त्याच अंतरावरून. भाच्याने आता त्याच्या ट्रकचा तसा आवाज ठेवलाय. परवा त्याने फोनवरून मला दोन आवाज ऐकवले, आधीचा आणि आत्ताचा, आणि विचारण्याआधीच सांगितलं, "मामा, फेरीला तीन येतात. मागचा शाफ्ट काढून बघतो."